वारसा यादीतल्या देवळाच्या आवारातला पडका गोठा काढायचा आहे, नीट कसा काढावा?

मासुंदा | ९ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं मूळ गाव. आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, पण गावठाणात जुनं शिवालय, पुढे दगडी पुष्करणी आणि बाजूला ओवऱ्या असं सगळं आवार अजून शाबूत आहे. हे अख्खं आवार वारसा यादीत आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनं सागवान कुठे पडलंय याचा गाजावाजा नको.

आवाराच्या उत्तर कडेला देवस्थानाचा गोठा आहे. पाच खणांचा, दुपाखी म्हणजे दोन उतारांच्या छपराचा. खांब सागाचे, तुळया ऐनाच्या, पुढच्या भिंती कारवीच्या कुडाच्या आणि मागची भिंत म्हणजे आवाराचीच दगडी भिंत. खाली देवस्थानाची गुरं, वर माळ्यावर पेंढा. माझ्या आजीच्या लहानपणी तिथे गाई होत्या. पुढे शेती गेली, गुरं गेली आणि गोठ्यात मांडवाचे बांबू, जुनी पालखी, फुटक्या समया असं काय काय येऊन पडलं. मागल्या पाखेची कौलं काढून कुणीतरी सिमेंटचे पत्रे ठोकले आणि तिथूनच पाणी मुरायला लागलं. पश्चिमेकडचे दोन खण गेल्या पावसाळ्यात बसले. उरलेल्या तिघांचं आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, मधोमध झोल खाऊन आहे.

आता धोकादायक बांधकामाची नोटीस आली आहे. विश्वस्तांना पावसाआधी मोकळं व्हायचं आहे. एक ठेकेदार म्हणतो, पाडायचा एक पैसा नको, लाकूड तेवढं आमचं. बैठकीत बहुतेकांना हे पसंत पडलं.

गोठा वाचणार नाही, हे मलाही पटलं आहे. पण जेसीबी लावून दोन तासांत साफ करण्याला माझा विरोध आहे. देवळाचा कळस जितका त्या जागेचा, तितकीच गुरं बांधायची दावणही. परवानगी कुणाची लागते, नोंद कशी ठेवायची आणि लाकडाचं काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

बाळकुमकर | ९ मे, रात्री १०:५५

ताई, भावना समजतात, पण आवारात पोरं खेळतात ना? श्रावणी सोमवारी तिथे रांग लागते. आढं झोल खाऊन असेल तर एका वादळी रात्रीत सगळं खाली येईल. कुणाच्या डोक्यात तुळई पडली तर वारसा वगैरे कुणी विचारणार नाही. फोटो काढून ठेवा आणि पाडून टाका. देऊळ महत्त्वाचं. गोठा तर इंग्रजांच्या काळातला असेल, मंगलोरी कौलं म्हणजे फार जुना नव्हेच. उलट तो गेला की ओवऱ्या मोकळ्या दिसतील.

शिलाहार_ठाणे | १० मे, सकाळी ७:२०

आधी कायद्याचं बघू, कारण इथेच लोक गडबडतात. संरक्षित म्हटलं की सगळ्यांना १०० मीटरचा नियम आठवतो. तो केंद्राच्या १९५८च्या कायद्यातला, म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या राष्ट्रीय स्मारकांचा. तिथे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६०चा राज्याचा वेगळा कायदा आहे, घोडबंदरचा किल्ला त्यात मोडतो. तुमचं आवार तिसऱ्या प्रकारातलं दिसतंय. नगररचना कायदा १९६६चा, त्याखाली २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, आणि तिच्यातल्या वारसा जतनाच्या तरतुदी. या यादीतल्या जागी पाडकाम, फेरफार किंवा दुरुस्ती करायची तर वारसा समितीचा सल्ला घेऊन आयुक्त परवानगी देतात. नोंद अख्ख्या आवाराची असेल तर गोठाही त्यात आला. गोठ्याचं वेगळं नाव यादीत नाही, ही सबब चालत नाही.

नोटीस नीट वाचा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ची असेल, तर त्या कलमात पाडणं हा एकच मार्ग नाही. बांधकाम पाडा, सुरक्षित करा, हलवा किंवा दुरुस्त करा, यातलं एक किंवा अनेक करायला सांगता येतं. नेमकं काय लिहिलंय ते इथे सांगा.

देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर ते लाकूडही न्यासाचीच मालमत्ता. मोल न ठरवता ते ठेकेदाराला देऊन टाकलं, तर उद्या विश्वस्तांनाच जाब द्यावा लागेल. बैठकीत हा मुद्दा आधी मांडा, बाकीचे आपोआप ऐकतील.

मासुंदा | १० मे, सकाळी ९:०५

नोटिशीत शब्द असे आहेत: 'धोकादायक भाग तात्काळ उतरवून घ्यावा अथवा बांधकाम सुरक्षित करावे व वापर बंद ठेवावा.' म्हणजे वाव आहे तर!

खांब_तुळई | १० मे, दुपारी १:४०

मी स्ट्रक्चरल ऑडिटची कामं करतो, बहुतेक ठाणे-कळव्यात. व्यक्तिगत निरोपात फोटो पाठवलेत ते पाहिले. काही गोष्टी पावसाआधी व्हायलाच हव्यात.

तुमच्या गोठ्याची मागची भिंत आवाराची आहे. तिच्या मागे रस्ता आहे आणि तो भिंतीच्या पायापेक्षा बराच वर दिसतो. म्हणजे ही भिंत मातीचा दाब अडवते आहे. गोठ्याच्या तुळया या भिंतीत गेल्या आहेत. इतकी वर्षं त्या तुळयांनी आणि खांबांनी भिंतीचा माथा धरून ठेवला. गोठा एका दिवसात ओढून काढलात, तर पहिल्या मोठ्या पावसात मागची ओली माती भिंतीला आत ढकलेल आणि भिंत आवारात येईल. गोठ्याचं छप्पर त्या भिंतीवर पडणारं पाणीही लांब टाकत होतं. ते गेलं की भिंतीच्या माथ्यातून पाणी आत उतरणार. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दगडांच्या सांध्यांत भरलेल्या मातीला तो झेपत नाही.

त्यामुळे गोठा उतरवायच्या आधी भिंतीला टेकू द्या. जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे तिरका धिरा, खाली पक्कं बूड. तो टेकू भिंतीचं कायमचं काम होईपर्यंत काढायचा नाही. मागच्या बाजूने पाण्याला वाट करून द्या. भिंतीचा माथा चुन्याच्या मसाल्याने बंद करा. सिमेंट नको, कारण ते आतला ओलावा बाहेर येऊ देत नाही. तुमच्या तुळयांची भिंतीतली टोकं कुजली आहेत, तिथे सभोवार सिमेंट भरलेलं फोटोत स्पष्ट दिसतंय.

बाळकुमकर, तुमची काळजी रास्त आहे. पण घाईने पाडणं इथे जास्त धोक्याचं आहे. आधी आवार रिकामं करा, पत्रे लावून वाट अडवा, उरलेल्या तीन खणांना खालून टेकू द्या, वर ताडपत्री घाला. परवानाधारक स्ट्रक्चरल अभियंत्याचं पत्र घेऊन 'सुरक्षित केले' असं नोटिशीला लेखी उत्तर द्या. उतरवायचं काम दिवाळीनंतर कोरड्यात करा.

बाळकुमकर | १० मे, दुपारी २:३०

भिंतीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टेकू लागला तर आधी तो द्या. माझ्याकडे मांडवाच्या कामातले लोखंडी प्रॉप आहेत, पावसाळाभर वापरा.

येऊरचा_पाऊस | १० मे, सायंकाळी ६:१५

माळ्यावर पक्षी आहेत का ते बघितलंत का? अशा पडक्या माळ्यांवर गव्हाणी घुबडं हमखास राहतात. खाली जमिनीवर काळसर गोळ्या पडलेल्या दिसतील, फोडल्या तर आत उंदराची हाडं आणि केस निघतात. घुबडं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत हात लावू नका, आणि वन खात्याला कळवा. टेकू देतानासुद्धा रात्री दिवे लावून ठेवू नका.

साप तर असणारच. कूड उतरवताना हातात काठी ठेवा आणि एखाद्या सर्पमित्राचा नंबर जवळ असू द्या.

मासुंदा | १० मे, रात्री ८:५०

गोळ्या आहेत! मला वाटलं मांजराचं काही असेल. उद्या बघते.

कुडाची_भिंत | १० मे, रात्री ११:३०

मी वास्तुरचनाकार, जुन्या घरांची मोजणी करते. 'इंग्रजांच्या काळातला आहे, म्हणून काढला तरी चालेल' हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकते आणि प्रत्येक वेळी मला त्रास होतो. १९६४च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलं आहे की वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या भरीला मान द्यावा, सगळं एकाच शैलीत आणणं हा जतनाचा हेतू नव्हे. देऊळ शिलाहारांचं असो, ओवऱ्या पेशवाईतल्या असोत आणि गोठा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा असो, देवस्थान चालायचं ते तिन्हींच्या जिवावर. इनामाची जमीन, तिचं भात, तिचा पेंढा, त्यावरची गुरं, त्यांचं दूध-तूप नैवेद्याला आणि शेण सारवणाला. गोठा कागदावरूनही पुसला तर हा व्यवहार पुढच्या माणसाला कुठे दिसणार?

तरीही तो उतरवावा लागतो आहे, हे मान्य. मग नोंद अशी करा:

आत काही हलवण्याआधी फोटो. प्रत्येक खणाचे चारी बाजूंनी, शेजारी मोजपट्टी धरून. नंतर मोजणी. आराखडा आणि निदान दोन छेद, १:५० प्रमाणात. एक छेद आडवा, खांब-तुळई-आढं दाखवणारा, दुसरा लांबीतून. छेद नसेल तर गोठा उभा कसा राहत होता ते कुणालाच कळणार नाही. मग सांधे जवळून. तुमच्या फोटोत खांबाच्या डोक्याला खाच करून तुळई बसवली आहे आणि आरपार लाकडी खुंटी मारली आहे, लोखंडी खिळा कुठे दिसत नाही. तो एक सांधा उघडल्यावर आतून काढून ठेवा.

कौलं उतरवताना उलटी करून बघा. मंगलोरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५चा, त्यानंतर इतर पुष्कळ निघाले. छापावरून छप्पर कधीच्या आधीचं नाही एवढं तरी सांगता येतं. मात्र छप्पर बदललेलंही असू शकतं, म्हणून कौलाचं वय ते गोठ्याचं वय असं धरू नका. कौलांखाली कुठे जुनी नळीची कुंभारी कौलं किंवा त्यांचे तुकडे सापडले तर ते जपून ठेवा.

मासुंदा | ११ मे, दुपारी १२:१०

आज सकाळी आत जाऊन आले, कंत्राटी अभियंत्याबरोबर, हेल्मेट घालून.

माळ्यावर घुबडांची जोडी आहे, पिल्लं दिसली नाहीत. वन खात्याला कळवलं.

दावणीच्या कडेला सलग काळा दगड बसवला आहे. गुरांच्या मानांनी घासून त्याची कड इतकी गुळगुळीत झाली आहे की बोट फिरवलं तर कुठे अडत नाही, आणि प्रत्येक गुराच्या जागी एक उथळ खोलगा आहे. सहा खोलगे सरळ मोजता येतात. पुढच्या खांबांवर, छातीच्या उंचीला, कोयत्याने मारलेल्या बारीक खाचा आहेत. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या, एक आडवी. एका खांबावर अशा खाचांच्या ओळीच्या ओळी आहेत. कशाच्या असतील?

ओसरीवरचे_आजोबा | ११ मे, दुपारी ३:४५

पोरी, त्या भाऱ्यांच्या आहेत. आमच्या घरीही असत. झोडणी झाली की पेंढ्याचे भारे माळ्यावर चढवायचे. खाली एक जण भारा उचलून द्यायचा आणि पाच झाले की आडवी रेघ मारायचा. पावसाळ्यात गुरांना किती पुरेल याचा अंदाज त्यावरून. उरलेलं गवत विकायचं. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत आपल्या जिल्ह्यातूनच जायचं, गाड्याच्या गाड्या भरून. भात मात्र कणगीत किंवा मुड्यात, ते गोठ्यात नसायचं. दमट जागा ना.

तो खांब कुणाला देऊ नका.

पेन्सिल्वेनियातून_ठाणेकर | १२ मे, सकाळी ६:३०

मी नौपाड्यातला, नोकरीनिमित्त इकडे अमेरिकेत आलो. इथे अशा जुन्या शेतकोठारांचा प्रश्न रोजचा आहे. लाकडी सांगाडे, तशाच खुंट्या मारलेले सांधे, खाली गुरं आणि वर गवत. आपल्या गोठ्याशी फार साम्य आहे. इथल्या १९६६च्या राष्ट्रीय जतन कायद्याच्या कलम १०६ नुसार, केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा काम असेल आणि त्याने ऐतिहासिक जागेला बाधा येणार असेल, तर आधी राज्याच्या जतन कार्यालयाशी आणि संबंधितांशी सल्लामसलत करावी लागते. वाचवता येत नसेल तर भरपाई म्हणून बऱ्याचदा मोजणीचे आराखडे आणि मोठ्या आकाराचे फोटो काढून घेतात. १९३३ साली सुरू झालेल्या इमारत नोंदणीच्या उपक्रमातले असे आराखडे त्यांच्या संसदेच्या ग्रंथालयात ठेवलेले आहेत, कुणालाही बघता येतात. पाडलेल्या कोठाराची नोंद पुढच्या दुरुस्तीवाल्यांना कामाला येते.

इथलं एक तंत्र सांगतो. सांगाडा सोडवण्याआधी प्रत्येक लाकडाला धातूचा बिल्ला ठोकतात आणि तोच क्रमांक आराखड्यावर घालतात. खडूने किंवा रंगाने लिहिलेलं उन्हापावसात जातं.

सुतारकी_तीन_पिढ्यांची | १२ मे, सकाळी ११:००

लाकडाचं मी सांगतो. फुकट पाडून देतो म्हणणाऱ्याचा हिशेब सोपा असतो. पाच खणांच्या गोठ्यात सागाचे खांब, पाट, वासे मिळून चांगलं लाकूड निघतं आणि जुन्या सागाला आज गिऱ्हाईक तयार आहे. त्याला सांध्यांशी देणंघेणं नसतं. तो करवतीने खांब बुडाशी आणि डोक्याशी कापतो, म्हणजे नेमका सांधाच जातो. पाडकामाचा करार वेगळा करा, पैसे देऊन, रोजंदारीवर. लाकूड न्यासाच्या ताब्यात ठेवा.

कोणतं लाकूड कामाचं, हे बघायला हातोडीने ठोकून बघा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, आतून वाळवी लागलेलं भद्द वाजतं. मग पोगर टेकवून दाबा. सहज शिरलं तर तिथपर्यंत गेलेलं. सागाचे खांब बहुधा खालच्या हात-दीड हातातच कुजलेले असतात, कारण तिथे शेणामुताचा ओलावा. तेवढा भाग काढून नवीन सागाचा तुकडा सांध्याने जोडला की खांब पुन्हा उभा राहतो. ऐनाच्या तुळया जड आणि चिवट असतात, पण टोक कुजलं की भार घेत नाहीत.

उतरवताना कौलं दोन्ही पाखांवरून सारखी काढायची, आढ्याकडून खाली. एकच पाख रिकामी केली तर आधीच झोललेला सांगाडा दुसऱ्या बाजूला कलंडेल. लाकूड रचताना प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घाला, जमिनीपासून वर, छपराखाली. ओवऱ्यांत जागा असेल तर तिथेच.

खांब_तुळई | १२ मे, दुपारी १२:२५

एक राहिलं. ते सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. फोडायचे नाहीत, वरून फेकायचे नाहीत. पाणी मारून ओले ठेवायचे, अख्खे उतरवायचे, साधा रुमाल न बांधता बारीक धूळ अडवणारे मास्क वापरायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचरा म्हणून द्यायचे. तळोज्याला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आहे, अधिकृत वाहतूकदारामार्फत तिथे पाठवता येतं. भंगारवाल्याला मुळीच देऊ नका.

शिलाहार_ठाणे | १२ मे, रात्री ९:१०

गोठे-पागा म्हणजे इतिहासाच्या बाहेरच्या वस्तू असं वाटणाऱ्यांसाठी, आपल्या ठाण्यातलाच किस्सा. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहात, डांबलं होतं. पहाऱ्यावर गोरे शिपाई. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला राहिलेला मोतद्दार त्यांच्या खिडकीखाली घोड्याची निगा राखता राखता मराठीत गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यात सुटकेचा बेत असायचा. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. १८१६च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. पुढे कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर ठाण्यात आला तेव्हा ही कथा त्याने टिपून ठेवली. घोडे बांधायच्या जागेपाशी काय घडू शकतं ते बघा! तुमच्या गोठ्यात असं काही घडलं असं मी म्हणत नाही. भाऱ्यांच्या खाचा हाच त्याचा इतिहास, आणि तो मला पुरेसा आहे.

घणसोलीची_वीणा | १३ मे, सकाळी ८:४५

एक विचारते. सगळं जपून उतरवल्यावर पुन्हा उभा का करत नाही तिथेच? चांगले खांब आहेत, सुतार आहेत.

कुडाची_भिंत | १३ मे, सकाळी १०:२०

करता आला तर उत्तमच. पण पश्चिमेचे दोन खण पूर्ण गेले आहेत. त्यांची उंची, खिडक्या, दारं कशी होती याचा पुरावा नसताना बांधले तर ते आपल्या मनाचं होईल. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबवावी, हेही त्याच व्हेनिस सनदेत आहे. पूर्वेचे तीन खण मात्र पुराव्यानिशी उभे करता येतील. पैसा आणि वापर दोन्ही ठरला तर. वापर नसलेलं छप्पर पुन्हा दहा पावसाळ्यांत बसेल.

आज ठरवायचं ते एवढंच: जोतं उखडायचं नाही. दगडी जोतं, दावण, खुंट्यांचे दगड आणि मोरीचा उतार आहे तिथेच राहू द्या. त्यावर पेव्हर ब्लॉक घालू नका, काँक्रीट ओतू नका. जागेवरचं जोतं राहिलं तर गोठा कुठे, केवढा आणि कोणत्या तोंडाचा होता ते कायम कळेल, आणि कधी उभा करायचा झाला तर जागा मोकळी असेल. अर्जातच हे लिहा, म्हणजे परवानगीची अट म्हणून येईल आणि पुढच्या विश्वस्तांनाही पाळावी लागेल.

बाळकुमकर | १३ मे, सकाळी ११:१५

विश्वस्तांपैकी कुणीतरी तिथे पार्किंग मागणारच, ताई. पावसाळ्यापूर्वीच लेखी करून घ्या.

मासुंदा | १५ मे, रात्री ९:३०

काल बैठक झाली. लाकूड न्यासाचं आहे हे कळल्यावर फुकट पाडायचा प्रस्ताव मागे पडला. पार्किंगचा विषय निघालाच. जोतं राखायचं, असा ठराव लिहून घेतला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

ठरलं ते असं. या आठवड्यात भिंतीला आणि तीन खणांना टेकू, ताडपत्री, पत्र्यांचं कुंपण. नोटिशीला अभियंत्याच्या पत्रासह उत्तर. वारसा समितीकडे अर्ज: जागेचा नकाशा, फोटो, स्थिती अहवाल, कोणत्या क्रमाने उतरवणार याची लेखी पद्धत आणि लाकूड कुठे ठेवणार ते. मोजणी पावसाआधी. उतरवायचं काम परवानगी आली तर दिवाळीनंतर, त्याआधी घुबडांची पुन्हा पाहणी. खाचांचा खांब ओवरीत उभा ठेवायला पुजारीकाकांनी स्वतःहून जागा दिली.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मोजणीला बसतो आहोत. कुडाची_भिंत येणार आहेत. त्यांच्या हाताखाली टेप धरायला चार जण हवेत, ३० मीटरची टेप आणि लेझर मीटर कुणाकडे असेल तर आणा. आजोबा, तुम्हाला न्यायला गाडी पाठवते. खाचा कोणत्या बाजूने वाचायच्या ते तुम्हीच दाखवा.

ओसरीवरचे_आजोबा | १५ मे, रात्री ९:५२

येतो. बॅटरी आण, माळ्याचे पाटही बघू. तिथेही खाचा असतात.